नादकाट्याच्या वर गेलेली तार

मी, वय पंचावन्न, धंदा व्हायोलिन दुरुस्ती आणि इतरांच्या दुरुस्तीत खोट काढणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहून ठेवतो. शुद्धीचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. तो वाचून माझा मित्र म्हणाला, "तुझं बरंय. माझा दाखला उलटा आहे, आणि त्यावर शिक्का मोठा!" उद्या सकाळी माझी छाती उघडणार आहेत, म्हणून ही घाई.

१. दुकान व वरच्या खोल्या थोरल्या बहिणीस, म्हणजे ताईस. मात्र मागच्या खोलीत माझा मित्र हयातभर राहील. त्याला मी मालक म्हणतो, कारण त्याच्या नावावर एक खिळाही नाही. वाद्यवृंदात तो व्हायोलिनच्या पहिल्या खुर्चीवर बसे. पुढे त्याला कोणी नसताना आवाज ऐकू येऊ लागले आणि खुर्ची गेली. आवाज राहिले.

२. हत्यारे लाकूडकाम शिकवणाऱ्या शाळेस. समोरच्या सुताराला त्यातले काहीही नाही, म्हणूनच तो साक्षीदार चालतो. लाकूड आवळायचा माझा शिकंजा त्याने सहीआधी परत आणावा.

३. धाकट्या भावास भिंतीवरचे बंद घड्याळ. मालक भरदुपारी जोरात वाजवतो म्हणून याने पोलीस बोलावले होते. "अरे, जोरात वाजवतो तेव्हाच तो ठणठणीत असतो!" मी ओरडत होतो. "वेड्याची वकिली करू नकोस," हा म्हणाला. जिन्यावरच्या ओढाताणीत मालकाची करंगळी कायमची वाकडी झाली. घड्याळ मुद्दाम दुरुस्त केलेले नाही.

४. नादकाटा, म्हणजे ठोकला की एकच सूर देणारा पोलादी काटा, ताईस. हे कलम तिने नीट ऐकावे. आवाज तारेखाली दबा धरून बसतात असे मालकाला वाटू लागले, की तो वाजवणे सोडून नुसती खुंटी पिळत राहतो. तार काट्याच्या सुराच्या वर गेली की त्याचे दार ठोठावायचे, काटा ठोकून त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचे, "मालक, जरा खाली या." ऐकले नाही तर त्याच्यावर उपचार करणाऱ्या याच डॉक्टरीणबाईंना फोन. पोलिसांना नाही.

ताई म्हणते, "मला कुठला सूर कळायला? आणि मला भीती वाटते रे त्याची."

मलाही वाटते. घाबरलेल्या हातानेही दार ठोठावता येते. तिला जमणार नसेल तर तिने आत्ताच सांगावे. मग घर भावाकडे जाईल, आणि मालक कुलपाआड.

५. इथवर वाचून दाखवताना मागच्या खोलीत तार चढू लागली आहे. ऑपरेशनचे काल सांगितल्यापासून त्याने वाजवलेले नाही. मी उठलो, तर डॉक्टरीणबाईंनी दटावून बसवले. ताईने काटा टेबलावर ठोकून कानाशी धरला. "वर गेलीय ना रे?" तार आणखी चढली. ताई काटा घेऊन आत गेली. तिचे हे जाणे संमती समजावी.

स्थळ: दुकानातले टेबल. दिनांक: ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळचा.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही). समोरचा सुतार (सही, शिकंजा आणला आहे, दांडा तुटका).

मृत्युपत्र करणारा (सही).

ता. क. ताई अजून आतच आहे. मागे व्हायोलिन वाजते आहे, खिडक्या थरथरतील इतके जोरात. कोणीही पोलीस बोलावू नयेत.