पुस्तिकेवरचे नाव

मी, फरामर्ज सालारी, वय एकोणऐंशी, निवृत्त फारसी व्याकरणशिक्षक, राहणार किरमान, इराण, डोके ठिकाणावर असताना आणि कोणीही मानगुटीवर बसलेले नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. आधीच्या मृत्युपत्रात मी खोटे लिहिले होते. ते रद्द समजावे.

१. घर आणि अंगणातली डाळिंबे शरियतच्या वाटणीप्रमाणे मुलगी महीन व मुलगा सियामक यांना. भांडायचेच असेल तर माझ्या चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर भांडावे.

२. मेहुणा कुदरत याने न विचारता नेलेला चहाचा समोवार त्याच्याकडेच राहू द्यावा. तो गळतो.

३. आता मुख्य. शाळाशाळांतून चालणारी, वाक्यात जोर कसा द्यावा हे शिकवणारी पुस्तिका माझ्या नावावर आहे. साधे वाक्य फोडून त्यातला एक माणूस पुढे कसा उभा करावा, हे तीत सांगितले आहे. त्याच रीतीने लिहितो: ती तूबा ईराननेजाद होती, जिने ही पुस्तिका लिहिली. तो मी होतो, ज्याने फक्त मुद्रिते तपासली.

तूबाखानम माझ्याच शाळेत शिकवत. हस्तलिखित देताना त्या म्हणाल्या, "नाव तुमचंच घाला सालारी सर, माझं काय एवढं." आमच्याकडे हे रीतीचे बोलणे. समोरच्याने दोन-तीनदा नको म्हणायचे असते. फळवालाही पैसे घेताना आधी 'राहू द्या' म्हणतो, म्हणून कोणी कलिंगड उचलून चालू लागत नाही. मी चालू लागलो. वर बेचाळीस वर्षे सत्कारही घेतले. फार लाज वाटते.

गेल्या गुरुवारी खजुराच्या वड्या घेऊन त्यांच्या दारी गेलो आणि माफी मागितली. त्यांनी आधी चहा ओतला.

"पहिली काही वर्षं रोज वाटायचं, आज येतील. तुम्ही आलात ते गुडघे गेल्यावर. माफ केलं, पण लिहून द्या."

घरी येताना इतके हलके वाटले की चुकून एक गल्ली पुढे गेलो. तेव्हापासून जेवण गोड लागते.

४. पुढच्या आवृत्तीपासून नाव त्यांचे, हक्कही त्यांचे. सियामक कुरकुरेल, कुरकुरू द्यावे.

किरमान, ७ मेहर, इराणी सौर सन १३९१
सही: फरामर्ज सालारी

साक्षीदार:
१. हुशंग बेहजादी, शेजारी
२. वाचले. तिसऱ्या कलमातल्या दोन चुका दुरुस्त करून सही केली. तूबा ईराननेजाद, लेखिका