कावळ्याला वाहिलेली कवळी

ती. स्तोयनाताईस,
धाकट्या वल्चानचा वाकून नमस्कार. (वाकून हे लिहिण्यापुरतं. कमरेला पट्टा आहे.) तुझे गुडघे आणि दाजींचा रक्तदाब आपापल्या जागी असतीलच. बायको माझ्या कमरेला राकियाची दारू चोळते; मी थोडी पोटातूनही चोळून घेतो.

आपला कालिन पंधरा सप्टेंबरला शाळेत जाणार. पोराला जन्मतःच दात मोजके, तेही टोकदार. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी माझंही तोंड उघडायला लावलं आणि म्हणाल्या, "आजोबा, हा तुमच्याच घराण्याचा वारसा!" लोक नातवाला द्राक्षमळे देतात, मी हे दिलं. पोरगा तोंडावर हात धरूनच बोलतो. वर्गात कसा टिकणार, या काळजीने आम्हाला चीज भरलेली बनित्सासुद्धा गोड लागेना. जबडा वाढला म्हणून बाईंनी त्याला नवी कवळी करून दिली.

परवा शेजारच्या नेदाचा दुधाचा दात पडला. तिने रीतीप्रमाणे तो छपरावर फेकला आणि कावळ्याकडे लोखंडाचा मागितला. कालिन नुसता बघत राहिला. याच्याकडे फेकायला आहे काय? मी म्हटलं, चल, तुझी जुनी कवळी देऊ! चष्मा न लावताच टेबलावरून उचलली, "कावळ्या कावळ्या, हाडाचा घे, लोखंडाचा दे" म्हणत भिरकावली. मागे वळतो तर टेबलावर नवीही नाही! बायको ओरडली, "अहो, दोन्ही फेकल्यात की काय? अक्कल तरी ठेवलीत का घरात?"

चढलो छपरावर. जुनी सापडली, नवी सापडेना, आणि तेवढ्यात शिडी सरकली. पन्हाळीला लोंबकळत होतो, विजारीने कधीच साथ सोडलेली, खाली अख्खी आळी जमलेली. आणि त्या सगळ्यांसमोर आपला कालिन पोट धरधरून हसत होता. दोन्ही हात पोटावर, तोंड सताड उघडं! ताई, मी पडलो तो आनंदातच पडलो.

तुझा,
वल्चान

ता. क. नवी कवळी कालिनच्या खिशात होती. म्हणतो, "आजोबा, तुम्ही चष्मा लावला नव्हता, म्हणून मी आधीच उचलून ठेवली." मग बोलला का नाहीस? "तुम्ही चढायला लागलात, मजा आली."

आणखी एक. तुझ्या लेकीचा बोझान वर्षाचा झाला, अजून एक दात नाही. "येतील उशिरा" म्हणत बसू नका. डॉक्टरीणबाई म्हणतात, हे आपल्या आईकडून आलं, तुझ्याकडूनही पुढे गेलं असेल. याच वारशामुळे कालिनला घाम येत नाही, उन्हात ताप चढतो. बोझानला घाम येतो का बघ, आणि तोवर त्याला समुद्रावर नेऊ नका. मंगळवारी बाईंकडे त्याचं नाव लावलंय, त्याला घेऊन ये. हे फोनवर सांगितलं असतं तर तू रडली असतीस, आणि मीही. म्हणून आधी हसवून घेतलं.