आईने नाटकातून घरी आणलेला मुलगा

डेलांगू, १८ ऑगस्ट १९८६

चि. प्रमोनोस वाह्युनीताईचे अनेक आशीर्वाद.

काल स्वातंत्र्यदिनाच्या नाटकाला तुझ्या मास्तरीण बहिणीला तीन पायांची खुर्ची देण्यात आली. या अन्यायाची दाद कुठे मागावी, या विचारात मी निम्मं नाटक एका कुशीवर पाहिलं. पुढे मी पडले, त्यात मात्र खुर्चीचा दोष नव्हता.

आपल्या केतोप्राक नाटकांत बोलणं लिहिलेलं नसतं. जे सुचेल ते बोलायचं. आई यंदा म्हातारी आई झाली होती. शहरातून परतलेला मुलगा ओळख देत नाही, तिने त्याला शाप द्यायचा आणि पडदा. मुलगा झाला होता गियार्तो न्हावी. आईने हात उगारला, खाली घेतला आणि साऱ्या गावासमोर म्हणाली, की माझा प्रमोनो कित्येक ईदांत फिरकला नाही, युनी दर शुक्रवारी माझ्याकडून डबा भरून नेते पण टेकत नाही, तू निदान समोर उभा तरी आहेस. चल घरी, भात गार होतोय. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग ती त्याचा हात धरून खरंच निघून गेली! पडदेवाला दोरी धरून तसाच, आणि मी खुर्चीवरून खाली.

आज सकाळी आईकडे जाऊन पाहते तर काय, खोट्या मिशांसकट तो बाबांच्या खुर्चीत चहा पितोय.

तुझी ताई

सुराबाया, २५ ऑगस्ट

ती. ताईस सा. न.

तू तिथे असताना हे झालंच कसं? त्याचा डोळा घरावर आहे. हाकल त्याला. आईला म्हणावं, या वयात नाटकं पुरेत. मला रजा नाही. लोभ असावा.

तुझा प्रमोनो

डेलांगू, ३१ ऑगस्ट

चि. प्रमोनोस आशीर्वाद.

हाकलायला गेले होते. गियार्तो म्हणाला, की ताई, मोठ्या नटाने जा म्हटल्याशिवाय मंच सोडायचा नाही, असं बापाने शिकवलंय; आईंनी अजून म्हटलेलं नाही. मी आईकडे वळले, म्हटलं, आई, जा म्हण एकदाचं. ती फणसाची भाजी वाढत शांतपणे म्हणाली, की खरा नट आला की बदलीच्याला सोडीन.

खुर्ची गियार्तोने अडवलेली, म्हणून मी चटईवर बसले. जेवूनच उठले.

लोभ आता टपालाने नको, स्वतः घेऊन ये.

तुझी ताई

ता. क. आईचा डबा आज परत केला. भरून.