कोंबडी, घुबड आणि बाबांची पाठ

६ फेब्रुवारी

चि. खारूताईस,
अ. उ. आ.

काल कोपऱ्यावरून अंडी आणली. खोक्यावरची कोंबडी कमरेवर पंख ठेवून, मान तिरकी करून उभी. दुकानातली बाई एकदा तिच्याकडे बघते, एकदा माझ्याकडे, आणि हसू दाबते. मेले, आईला कोंबडी केलीस? मग तू पाठवलेलं सगळं काम बाहेर काढलं. दातांच्या डॉक्टरांच्या कार्डावर तुझा मामा हसतोय, फटीसकट. चष्म्यांच्या पिशवीवरचं घुबड म्हणजे हुबेहूब तुझी आत्या. ती पिशवी ती मोठ्या कौतुकाने मिरवते. मी तोंडाला कुलूप लावलंय.

तू नोकरी सोडून चित्रं काढायला गेलीस तेव्हापासून तुझ्या बाबांनी धरलेला अबोला तसाच आहे. पण परवा ते तू चितारलेलं साबणाचं वेष्टण उजेडात धरून बघत होते. काय शोधताय विचारलं, तर म्हणाले, किंमत. मला वाटतं, स्वतःला शोधतायत. त्यांना कुठे बसवलंस?

माया आहेच, पण कोंबडीचा जाब द्यावा लागेल.
तुझी आई

१३ फेब्रुवारी

ती. आईस,
शि. सा. न.

पकडलंस. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की माझा हात आपोआप घरच्यांकडे वळतो. या आठवड्यात मधाच्या बाटलीचं लेबल, एका नाटकाचं पोस्टर आणि पोहण्याच्या तलावाच्या पाट्या आहेत. ‘पळू नये’वर धाकटी काकू घसरतेय. तिला सांगू नकोस.

बाबा मात्र कुठेच नाहीत. कुलपांच्या जाहिरातीत त्यांच्या भुवया काढल्या होत्या. मालक म्हणाले, चोर राहू देत, गिऱ्हाईकच पळून जाईल. खरं सांगू? त्यांचा चेहरा काढायला बसले की पाठच आठवते. निघाले त्या सकाळी माझी बॅग उचलून ते पुढे चालत होते. बॅग बसमध्ये ठेवली आणि एक शब्द न बोलता परत फिरले. मला ते फार लागलं.

सोबतचा कागद माझ्या स्वतःच्या स्टुडिओच्या पाटीचा आहे. त्यावर तीच पाठ आहे. पुढच्या रविवारी पाटी लावायची आहे. बाबा यावेत, असं फार वाटतं. चित्र त्यांना खुपलं तर पाटी कोरी ठेवीन.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.
खार

१९ फेब्रुवारी

चि. खारीस,
आशीर्वाद.

तुझा कागद आईने आरशाला चिकटवला, म्हणजे दाढी करताना सुटका नाही. दुसरा आरसा मागे धरून मी खात्री करून घेतली. पाठ माझीच आहे. डावा खांदा झुकलाय तेही बरोबर. त्या बॅगेत काय दगड भरले होतेस?

चूक तुझ्या आठवणीत आहे. औषधांच्या दुकानापाशी मी वळून बघितलं होतं. तू खाली मान घालून पर्समध्ये तिकीट शोधत होतीस. बस दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा होतो. बोलायला हवं होतं, ते जमलं नाही. चित्र बदलू नकोस. तुला दिसलं ते तू काढलंस.

कोंबडी झकास जमली आहे. हे आईला कळता कामा नये.

पाटी तू लावलीस तर वाकडी लागेल. रविवारी सकाळी ड्रिल घेऊन येतो. शिडी तेवढी मिळवून ठेव. बाकी लोभ होता तसाच आहे.
बाबा

ता. क. परत निघताना कोपऱ्यावर वळून बघेन. या वेळी पर्स आत ठेवून ये.