सरळ फळ्यांचं खोगीर

३ मार्च
सहा वर्षांनी काम मिळालं. ताईच्या दवाखान्याचे पेशंट बाहेर उन्हात ताटकळतात, म्हणून तिला पत्र्याची शेड हवी होती. पत्रा. सख्खा भाऊ आर्किटेक्ट असताना. मी घोड्याच्या खोगिरासारखं छप्पर सुचवलं: दोन कोपरे वर, दोन खाली, मधे काँक्रीटचं डौलदार वळण. ताईने विचारलं, गळणार नाही ना? डॉक्टरांची सौंदर्यदृष्टी घशापलीकडे जात नाही.

८ मार्च
काँक्रीट ओतण्याआधी लाकडी साचा लागतो, त्यासाठी सुतार आला. ड्रॉइंग उलटंसुलटं पाहून म्हणाला, सरळ फळ्याच लागतील. बाकदार छपराला सरळ फळ्या. हसू दाबलं. जन्मभर स्टुलं ठोकणारा माणूस. ठरवलं: याच्याशी सौजन्याने वागायचं, पण मत विचारायचं नाही.

१४ मार्च
फळ्या दोन दिवस भिजवून वाकवायला घेतल्या. पाच मोडल्या. सहावी सटकली ती थेट माझ्या हनुवटीवर. सुताराने बर्फ आणून दिला. लाकूड हलक्या जातीचं.

१५ मार्च
साइटवर गेलो नाही. हनुवटी.

२२ मार्च
आणखी अकरा मोडल्या. ताईचा फोन. रांगेत एक आजीबाई चक्कर येऊन पडल्या. दहा दिवसांत काम दिसलं नाही तर पत्रे टाकते म्हणाली. कलेला घाई चालत नाही, मी समजावलं. ती म्हणाली, "कलेला सलाईन लावावं लागत नाही, त्यांना लावावं लागतं."
संकल्प: उद्या पहाटे पाचला उठून सगळं गणित नव्याने.

२३ मार्च, सकाळी ९.४०
उठलो. कॉलेजचं पुस्तक काढलं. नेमक्या या छपराच्या धड्याची पानं एकमेकांना चिकटलेली. सुरीने सोडवत होतो, तर बायकोने विचारलं, पहिल्यांदाच उघडतोयस का? मिटून ठेवलं. पुस्तकांनी ओरिजिनॅलिटी मरते.

२ एप्रिल
दहा दिवस डिझाइनवर चिंतन (घरूनच). आज साइटवर गेलो तर साचा तयार. मला न विचारता सुताराने समोरासमोरच्या दोन कडांवर सरळ फळ्या टाकल्या होत्या, प्रत्येक फळी शेजारचीपेक्षा जराशी तिरकी. आणि सगळ्यांचं मिळून खोगीर झालं होतं. मी चारी बाजूंनी फिरलो. त्याने दोरा ताणून एक टोक माझ्या हातात दिलं. "बघा साहेब, एकही फळी वाकलेली नाही."
मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून हेच सांगत होतो.
तो "हो" म्हणाला. त्या "हो"मधला उर्मटपणा लिहून दाखवता येणार नाही.

३० एप्रिल
साचा उतरवला, छप्पर उभं. लोकांचं कौतुक स्वतःच्या कानांनी ऐकावं म्हणून पेशंटांमध्ये जाऊन बसलो. सावली खरंच गार होती. शेजारच्या बाई वर बघत म्हणाल्या, सुताराने काय सुरेख केलंय. मी ओळख करून देणार, एवढ्यात त्या पुढे सरकून हळूच म्हणाल्या, "एक आर्किटेक्टही होता म्हणे. नुसत्या फळ्या मोडत बसला. डॉक्टरबाईंचा भाऊच तो, सांगणार कोणाला."
मी म्हटलं, असतात हो काही माणसं.