लांब छताची गाडी

आप्पा, आज मी तुमच्या आवडीची गाडी कापली.

तुम्ही गेलात तेव्हा मी अजून शिकत होते, त्यामुळे माझं काम तुम्ही पाहिलंच नाही. चाकणच्या एका कंपनीत नव्या गाडीचा नमुना आम्ही आधी मातीत घडवतो, खऱ्या गाडीएवढा. दोन वर्षं मी एक स्टेशन वॅगन घडवत होते. जबरदस्त इंजिनाची, जमिनीला धरून बसलेली, छत थेट शेवटपर्यंत गेलेलं. तशी गाडी मी जवळून एकदाच पाहिली होती, दापोडीला, तुमच्या गॅरेजात. मागून चेपलेली ती परदेशी वॅगन कुणीतरी आणून सोडली होती आणि तुम्ही महिनाभर तिचा पत्रा ठोकत होता. मी शाळेतून येते, दप्तर टाकते, तुम्ही माझा हात धरून छतावरून फिरवता. "डोळे मीट. खड्डा लागतोय का सांग." मला कंटाळा आलेला असतो, मी नाही म्हणते. तुम्ही हात झटकून टाकता. "खोटं बोलून पत्रा सरळ होत नसतो, पोरी." मग जरा वेळानं स्वतःच नरमता. "हॅचबॅक काय, गल्लीत उड्या मारती. मागच्या चाकापाशी आली की संपली. ही बघ, उभ्या जागी पळती. एवढी लांब पाठ घेऊन पळायला अंगात दम लागतो."

सोमवारी मोठे साहेब वॅगन बघायला आले. दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "छान आहे, पण मागचं काढा. हॅचबॅक करा." मी कारण विचारलं. "इथं लांब गाडी बघितली की लोकांना शववाहिका आठवते, मॅडम." सगळे हसले. मला तुम्हाला नेलं ती गाडी आठवली. तिचं मागचं दार नीट बसत नव्हतं, ड्रायव्हरनं ते तीनदा आपटलं होतं आणि मी नुसती बघत राहिले होते.

मी साहेबांच्या मागे जिन्यापर्यंत धावले. आप्पा, मी हात जोडले. "सर, आठ दिवस द्या. मागची काच उतरती करते, बघा तरी एकदा."

"शुक्रवारी मला हॅचबॅक दिसली पाहिजे. तुम्हाला जमत नसेल तर दुसऱ्या कुणाला देऊ."

दुसऱ्या कुणाचा हात तिला लागलेला मला सोसला नसता. आज सकाळी मीच पातं घेतलं. पहिला काप घातला आणि बाथरूममध्ये जाऊन तोंडात ओढणी कोंबून रडले. तोंड धुऊन परत आले आणि कापत राहिले. शेवटचा तुकडा खाली पडला तेव्हा मातीच्या आतला फोमचा सांगाडा उघडा पडला, पांढरा, खडबडीत. तो मी नव्या मातीनं झाकला, दुपारभर घासला.

चारच्या सुमाराला लांब जाऊन पाहिलं. चाकं एकदम मोठी दिसत होती. गाडी दबा धरून बसल्यासारखी, आता झेप घेईल अशी. मला ती आवडली, आप्पा. वॅगनपेक्षा जास्त आवडली. मग दोन वर्षं मी ज्या छतासाठी भांडले ते मला आवडत होतं की फक्त तुम्हाला, हे मला सांगता येईना, आणि विचारायला तुम्ही नाही.

तुम्ही असतात तरी हे पत्र मी तुमच्या हातात दिलं नसतं. जेवताना तुम्ही गाडीचं काय झालं विचारलं असतं, तर 'कापायला लावली' एवढंच सांगितलं असतं.