टाकी आणि तिला जोडलेले सर्व पाइप

मी, खाली सही करणारी, वय झालेली पण डोकं ठिकाणावर असलेली बाई, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवते. मला कोणी धाक घातलेला नाही. मला धाक घालील असा माणूस या घरात अजून जन्माला यायचाय. शुद्धीत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. सगळ्यांची पूर्ण नावं वकिलांनी सोबतच्या पानावर घातली आहेत. इथे मी रोज हाक मारते तशीच लिहिणार.

कलम पहिले. बँकेतली ठेव आणि दागिने चिरंजीवांना. ते दुसऱ्या शहरात दुसरा संसार थाटून सुखात आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फोन केला की माझ्या तब्येतीआधी घराचा भाव विचारतात, एवढीच आहे.

कलम दुसरे. आरामखुर्ची भाऊजींना, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांना. तिच्यात बसून त्यांनी आयुष्यभर फुकटचे सल्ले दिले. खुर्ची न्यावी आणि सल्लेही सोबत न्यावेत. ड्रिल मशीन मात्र त्यांच्या हाती देऊ नये. मागे एकदा नेलं ते मोडूनच परत आलं.

कलम तिसरे, सूनबाईबद्दल. वकिलांनी इथे 'माजी सून' लिहिलं होतं, ते मी खोडलं. घटस्फोट चिरंजीवांनी घेतला, मी घेतलेला नाही.

ती चष्म्याच्या दुकानात भिंगं घासते. हॉलमधली माशांची आठ फुटी टाकी तिने स्वतः उभी केली. एकदा ती फोनवर कुणाला तरी म्हणाली, दोन्ही बाजूंना युनियन हवीच, त्याशिवाय कामाला हात लावणार नाही. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या हजेरी खात्यात गेलेली. दुकानात संप होतोय असंच मला वाटलं. मी तिला चार गोष्टी सुनावल्या, नोकरी जाईल म्हणाले. ती हसून हसून खाली बसली. युनियन म्हणजे पाइप न कापता पंप काढता यावा म्हणून बसवायचा फिरकीचा जोड, हे मला तेव्हा कळलं.

जोड चिकटवायच्या सोल्यूशनचा थेंब लावण्याआधी तिने सगळे पाइप, एल्बो, टी आणि व्हॉल्व्ह हॉलच्या फरशीवर नुसते मांडले. कित्येक दिवस आम्ही त्यांच्यावरून उड्या मारत वावरलो. जाता येता ती एखादा तुकडा बदलायची. काटकोनात पाण्याचा जोर मोडतो म्हणून एका एल्बोच्या जागी दोन तिरके तुकडे घ्यायची. फिटिंगच्या दुकानदाराने पितळी व्हॉल्व्ह दाखवला, नातवंडांपर्यंत टिकेल म्हणाला. तिने तो हातात घेऊन पाहिला, सुंदर आहे म्हणाली आणि परत दिला. पितळेतलं तांबं पाण्यात उतरतं आणि आधी गोगलगाई मरतात. प्लास्टिकचे व्हॉल्व्हही तिने एकेक उघडून, आतल्या रबरी कडीवरून बोट फिरवून निवडले. आता तो दुकानदार अडलेली गिऱ्हाइकं तिच्याकडे पाठवतो.

टाकीतलं पाणी खाली उतरायला एक पाइप पुरला असता. तिने तेवढाच जाड दुसरा बसवला आणि तो कोरडा ठेवला. भाऊजींनी पैसे वाया गेले म्हणून डोकं खाल्लं. पुढे ती कामावर असताना पहिल्या पाइपात पानांचा गुंता अडकला आणि सगळं पाणी निमूट दुसऱ्यातून गेलं. फरशीवर टिपूस नाही. मी एकटीच टाकीसमोर उभी राहून वाहवा म्हणाले. मला तिचं फार कौतुक आहे. तोंडावरही सांगते, पण ती ऐकून घेत नाही.

आता मुद्द्याचं. घर तुझ्या नावे करते म्हटल्यावर ती ताडकन उठली. "आई, घरासाठी म्हातारीची सेवा केली असं म्हणतील लोक. टाकी तेवढी माझी. बाकी मला काही नको." दिलंत तरी घेणार नाही, असंही ऐकवलं. तिचा हट्ट मी ओळखून आहे. मग चिरंजीव घर विकणार, आणि ही भाड्याच्या खोलीत एक बरणी घेऊन बसणार.

कलम चौथे. तिचंच म्हणणं मला मान्य आहे. सूनबाईला मी फक्त टाकी देत आहे. टाकीसोबत तिला जोडलेले सर्व पाइप, आणि ते जिथून जिथून जातात ती जागा. भरायचा पाइप गच्चीवरून जिन्याने हॉलमध्ये उतरतो, म्हणून गच्ची, जिना आणि हॉल. पंप न्हाणीघरात आहे, म्हणून न्हाणीघर. सांडपाणी स्वयंपाकघरातून परसात जातं, म्हणून तीही दोन्ही. हवेचा पंप गुरगुरतो, तो मी माझ्या कपाटावर ठेवून घेतला, म्हणून माझी खोली.

वकिलांच्या आग्रहाखातर साध्या भाषेत: हे अख्खं घर तिचं.

तिच्या स्वतःच्या खोलीतून मात्र काहीच जात नव्हतं. गेल्या आठवड्यात ती कामावर गेल्यावर मी प्लंबर बोलावून तिथून एक पाइप फिरवून घेतला. संध्याकाळी तिने तो पाहिला, जोड वाकडा बसलाय म्हणाली, आणि उखडून स्वतःच्या हाताने पक्का बसवला.

सही: सूनबाईची सासू
साक्षीदार: १. आमचे डॉक्टर. २. फिटिंगचे दुकानदार, यांनी सर्व पाइप स्वतः फिरून पाहिले.
स्थळ: याच घराचा हॉल. दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे.